दोन कप चहा आणि ओरडणारे बोकड

प्रति,
सुपरहिरोपटांचे दुसरे, तिसरे आणि त्यापुढचे भाग लिहिणारी समस्त लेखक-दिग्दर्शक मंडळी,
मुक्काम लॉस एंजेलिस, मुंबई, हैदराबाद, कोची आणि जिथे कुठे असाल तिथे.

सप्रेम नमस्कार.

मी नाशिकचा. दिवसा सातपूरच्या एका कारखान्यात क्वालिटीला आहे आणि संध्याकाळी हौशी नाटकवाला. गेली २२ वर्षं नाटकात आहे, त्यातली निम्मी विंगेत गेली. नट म्हणून मी बेताचाच. दुसऱ्या कुणी सांगण्याआधी मीच सांगून टाकतो. पण हशा कुठून उठतो आणि कुठे जाऊन मरतो हे विंगेतून जितकं कळतं तितकं पहिल्या रांगेत बसूनही कळत नाही. तेवढ्याच अधिकारावर हे पत्र लिहितोय.

तसा आमच्या जिल्ह्याचा तुमच्या धंद्याशी संबंध जुना आहे. दादासाहेब फाळके १८७० साली त्र्यंबकेश्वरला जन्मले आणि १९१७ च्या ‘लंकादहन’मध्ये त्यांनी पडद्यावर हनुमान उडवला. तुमचा सुपरमॅन कागदावर यायला अजून २१ वर्षं होती. त्याच चित्रपटात राम आणि सीता दोन्ही एकट्या अण्णा साळुंक्यांनी केले होते. म्हणजे विरहाचा प्रसंग आला की नटाला स्वतःचाच विरह! त्यामुळे विनोद आणि गांभीर्य एकाच अंगरख्यात कसे कोंबायचे हा प्रश्न आम्हाला नवा नाही.

आता मुद्द्यावर येतो.

२०२२ च्या जुलैमध्ये मी, माझी बहीण आणि तिची मुलगी असे तिघं ‘थॉर : लव्ह अँड थंडर’ बघायला गेलो. भाची तेव्हा १२ वर्षांची, थॉरची परमभक्त. बहिणीची केमो त्याच मार्चमध्ये संपली होती. केस नुकते उगवायला लागले होते, डोक्याला ओढणी बांधून आली होती. या गोष्टीत थॉरच्या प्रेयसीला, जेन फॉस्टरला, चौथ्या स्टेजचा कॅन्सर आहे हे आम्हा तिघांपैकी कुणालाच माहीत नव्हतं. माहीत असतं तर मी तिकिटं काढली नसती.

पडद्यावर जेन केमोच्या खुर्चीत बसलेली दिसली. मी भाचीकडे बघितलं, भाचीनं आईकडे, आणि आई पडद्याकडेच बघत राहिली. जेन शेजारच्या पेशंटला वर्महोल, म्हणजे अवकाशातला जवळचा बोगदा, काय असतो ते समजावत होती, पुस्तकाच्या पानाची घडी घालून. बहीण खुदकन हसली. बऱ्याच महिन्यांनी ते हसू ऐकलं होतं. मग पुढे ते दोन बोकड आले. माणसासारखे किंचाळणारे. पहिल्यांदा ओरडले तेव्हा अख्खं थिएटर हसलं, आम्हीही हसलो. दुसऱ्यांदा भाची हसली. त्यानंतर ते आले की पॉपकॉर्नच्या पुड्यांचाच आवाज यायचा.

बाहेर पडल्यावर रिक्षात बहीण म्हणाली, “अरे, त्या खुर्चीतला सीन खरा होता. आम्ही वॉर्डात याहून जास्त हसायचो. पण पुढे तिला बरं वाटत नाहीये हे मला जरा कुठे लागायला लागलं की लगेच कुणीतरी ओरडायचं. बोकड नाहीतर माणूस. मला तिच्याजवळ दोन मिनिटं बसायचं होतं रे.”

त्या दोन मिनिटांसाठी हे पत्र आहे.

तुमच्याकडच्या मीटिंगा मी पाहिलेल्या नाहीत, पण आमच्याकडच्या वाचनांवरून अंदाज येतो. पहिला भाग चालला की दुसऱ्याच्या वेळी सगळे प्रमाणावर बोलायला लागतात. विनोद किती, ड्रामा किती. मागच्या वेळी जड झालं होतं, या वेळी हलकं करा. मागच्या वेळी हलकं झालं, या वेळी कुणालातरी मारा. जणू डाळीत मीठ घालायचंय. थॉरचा आधीचा चित्रपट ‘रॅग्नरॉक’ (२०१७) हलकाफुलका होता, जगभरात साधारण ८५ कोटी डॉलर आले. मग त्याच दिग्दर्शकाकडून ‘लव्ह अँड थंडर’ आणखी हलका करून घेतला तर आकडा ७६ कोटींच्या आसपास थांबला. पैसे कमी झाले म्हणून मी रडत नाही, ७६ कोटी डॉलरमध्ये आमच्या सगळ्या नाट्यगृहांचे एसी दुरुस्त होतील. मला गंमत वाटते ती थॉर झालेल्या ख्रिस हेम्सवर्थची. त्यानं पुढे मुलाखतीत सरळ कबूल केलं की आयत्या वेळच्या चाळ्यांत आपण वाहवत गेलो आणि स्वतःचंच विडंबन होऊन बसलो. एवढा मोठा नट असं बोलला तेव्हा मला फार जवळचा वाटला. कारण तो गुन्हा माझ्याही नावावर आहे.

आमच्याकडे त्याला ‘अ‍ॅडिशन घेणं’ म्हणतात. संहितेत नसलेलं वाक्य पदरचं टाकायचं. हशा आला तर तुम्ही हुशार, नाही आला तर कुणाच्या लक्षात येत नाही. साधारण १४ वर्षांपूर्वी एका स्पर्धेच्या नाटकात मी शेजाऱ्याचं काम करत होतो. वडील गेलेत, मुलगी एकटी घरात बसलीय, कालपासून रडलेली नाही. मी चहा घेऊन येतो, “चहा ठेवलाय” म्हणतो आणि जातो. एवढंच. मग ती कपाकडे बघते आणि तिचा बांध फुटतो. नटी गुणी होती, त्या क्षणासाठी २० मिनिटं ती एकेक वीट रचत होती. प्रयोगाच्या दिवशी नाट्यगृह इतकं शांत झालं की मला सहन होईना. ती शांतता माझीच चूक आहे असं वाटायला लागलं. आणि मी म्हणालो, “चहा ठेवलाय. साखर बेतानं घाला, वाण्यानं उधारी बंद केलीय.”

छप्पर उडालं. टाळ्यासुद्धा आल्या. मी तरंगतच विंगेत आलो. मागे ती कपाकडे बघत बसली होती, आणि तिला रडू आलं नाही. प्रेक्षक तिच्याकडे हसऱ्या चेहऱ्यानं बघत होते, पुढच्या विनोदाची वाट बघत. शेवटी तिनं ओंजळीत तोंड लपवून खांदे हलवले, आणि ते खोटं होतं हे शेवटच्या रांगेलाही कळलं.

दिग्दर्शक त्या रात्री काही बोलले नाहीत. सेट टेम्पोत चढवताना, प्लायवूडचं एक टोक माझ्या हातात देत म्हणाले, “तू तिचं रडणं खाल्लंस.”

नाटकात ‘लाफ्टर खाणं’ हा शब्द आम्ही रोज वापरतो. समोरच्याच्या विनोदावर हशा येत असताना आपलं वाक्य रेटलं की हशा खाल्ला जातो. रडणंही खाल्लं जातं हे मला तेव्हा पहिल्यांदा कळलं. ‘रॅग्नरॉक’च्या शेवटी थॉरचं राज्य, अ‍ॅसगार्ड, डोळ्यांदेखत जळतंय, अख्ख्या लोकांचं गाव जातंय, आणि थॉरचा तो दगडी मित्र कोर्ग म्हणतो की पाया मजबूत असला की पुन्हा बांधता येईल, तेवढ्यात सगळं उडतं आणि तो म्हणतो, गेला की पाया. मी खूप हसलो होतो तेव्हा. नंतर टेम्पोतला प्लायवूड आठवला. प्रेक्षक म्हणून आम्हीही साथीदारच आहोत, आम्ही हसलो म्हणून तुम्ही पुढच्या वेळी बोकड आणलेत.

पण गोष्ट इथे संपली असती तर मी तुम्हाला “विनोद कमी करा” एवढंच पोस्टकार्डावर लिहून पाठवलं असतं. त्याच नाटकाचा पुढे दुसरा प्रयोग मिळाला, तेव्हा दिग्दर्शकांनी माझं वाक्य काढलं, मात्र मला काढलं नाही. उलट पहिल्या अंकात माझं काम वाढवलं. वडिलांना डायबेटिस आहे, घरात बिनसाखरेचा चहा. म्हातारा रोज मुलीची नजर चुकवून माझ्याकडे येतो आणि म्हणतो, “एकच चमचा रे.” मी दोन कप करून ठेवतो, मुलगी आली की म्हातारा गोड कप माझ्या हातात कोंबतो आणि मी दोन्ही हातांत दोन कप घेऊन उभा. हे पहिल्या अंकात तीनदा यायचं, तिन्हीदा हशा. मग तिसऱ्या अंकात, वडील गेल्यानंतर, मी सवयीनं ट्रेमध्ये दोन कप घेऊन येतो. वाक्य नाहीच. मी दोन कपांकडे बघतो, ती बघते.

लोक हसायला लागायचे. खरंच हसायला लागायचे, ओळखीचं दिसलं की तोंड आपोआप उघडतंच. आणि तो हशा अर्ध्यात अडकायचा. तसा आवाज मी दुसरीकडे कुठेच ऐकलेला नाही, सहाशे माणसांनी एकदम ठसका आवरल्यासारखा. त्यानंतर नटीला काही करावंच लागायचं नाही.

शिरवाडकरांनी इथेच, याच गावात बसून ‘नटसम्राट’ लिहिलं. त्यातले अप्पा बायकोला ‘सरकार’ म्हणतात. सुरुवातीला ती थट्टेची, लाडाची हाक असते. सरकार गेल्यावर तीच हाक कशी ऐकू येते ते मराठी माणसाला सांगायला नको. युक्ती जुनीच आहे, आम्ही फक्त कप वापरले.

आणि तुम्हालाही ती येते! ‘आयर्न मॅन’मधला टोनी स्टार्क २००८ साली कैदेतून सुटून येतो तेव्हा त्याला आधी चीजबर्गर हवा असतो. पत्रकार परिषदेत जमिनीवर बसून तो तो खातो. निव्वळ गंमत, एका श्रीमंत माणसाचा पोरकटपणा. ११ वर्षांनी ‘अ‍ॅव्हेंजर्स : एंडगेम’मध्ये त्याचा अंत्यविधी उरकल्यावर त्याची चिमुरडी बसलेली असते, भूक लागलीय म्हणते, काय हवं विचारलं तर म्हणते चीजबर्गर. टोनीचा जुना साथीदार हॅपी म्हणतो, तुझ्या बाबांनाही फार आवडायचे. हॅपीचं काम करणारा म्हणजे २००८ च्या त्या चित्रपटाचा दिग्दर्शक जॉन फॅव्हरो. बर्गर त्यानंच दिला होता, परतही त्यानंच आणला. ट्रेमध्ये दोन कप.

म्हणून मला वाटतं, तुम्ही तराजू घेऊन बसता तिथेच चुकतं. पहिल्या भागात नसलेली एक गोष्ट दुसऱ्या भागाकडे असते, प्रेक्षकांची आठवण. आम्ही कशाला हसलो होतो हे आम्हाला पाठ आहे. तो हशा तुमच्या खात्यात जमा आहे. तो सोडून तुम्ही बाहेरून नवे विनोद उसने आणता, ज्यांना ना आगा ना पिछा. बोकडांचं नेमकं तेच झालं. ते कुणाचेच नव्हते, त्यांच्या ओरडण्यानं कुणाचं काही जात नव्हतं.

याचं एक कारण मला दिसतं. पहिल्या भागात विनोद फुकट मिळतो. नवी नवी शक्ती, पोरगा भिंतीवर आपटतो, हात चिकटून बसतो, दार उघडायला जातो तर दारच हातात येतं. नवा माणूस शिकतोय म्हणजे हसू येणारच. आमच्या कारखान्यात अप्रेंटिस आले की पहिला आठवडा हेच चालतं. दुसऱ्या भागापर्यंत हिरो शिकलेला असतो. तो झरा आटतो. मग विनोद विकत आणावा लागतो. १९८३ च्या तिसऱ्या सुपरमॅनमध्ये त्यासाठी थेट रिचर्ड प्रायरला आणलं. मोठा विनोदवीर, पण गोष्ट सुपरमॅनची की त्याची हेच कळेना. १९९७ च्या ‘बॅटमॅन अँड रॉबिन’मध्ये मिस्टर फ्रीजची बायको आजारानं काचेत गोठवून ठेवलेली आहे, आणि तो बाबा तिच्यासाठी झुरता झुरता बर्फावर कोट्या करतो. त्यानंतर बॅटमॅनला पडद्यावर परतायला ८ वर्षं लागली. दुखणं जुनं आहे, हे सांगायला एवढं पुरे.

मग शिकलेल्या हिरोच्या गोष्टीत हसू आणायचं कुठून? मला उत्तर २००४ च्या ‘स्पायडर-मॅन २’मध्ये सापडतं आणि ते मी आमच्या पोरांना तालमीत नेहमी सांगतो. पीटरकडे, म्हणजे स्पायडर-मॅनकडे, पैसे नाहीत आणि वेळ नाही. विनोद सगळा इथून. पिझ्झा वेळेत पोहोचत नाही, नोकरी जाते. पोशाख धुवायला टाकतो तर त्याचा रंग इतर कपड्यांना लागतो. आणि ड्रामाही सगळा इथूनच: भाडं थकलंय, मावशीचं घर जातंय, मैत्रीण दुरावतेय. त्या मैत्रिणीच्या, मेरी जेनच्या, नाटकाला तो उशिरा पोहोचतो तर दारावरचा माणूस त्याला आत सोडत नाही. (नाटकवाला म्हणून माझं मत, दारावरचा माणूस शंभर टक्के बरोबर होता.) त्या प्रसंगात आपण हसतो. पण आत स्टेजवर ती रिकाम्या खुर्चीकडे बघत असते, आणि त्या हशाची किंमत पीटर पुढे चित्रपटभर फेडतो. विनोद आणि दुःख एकाच विहिरीचं पाणी. वेगळे टँकर मागवावे लागले नाहीत.

‘गार्डियन्स ऑफ द गॅलेक्सी’च्या दुसऱ्या भागातला योंडू मला याच कारणासाठी आवडतो. त्यानं वाढवलेल्या पोराचं नावही पीटरच, पण हा वेगळा. बाणाला लटकून खाली येताना पीटर त्याला म्हणतो, तू मेरी पॉपिन्ससारखा (म्हणजे छत्री धरून उडणाऱ्या गोष्टीतल्या दाईसारखा) दिसतोयस. योंडूला ती कोण हे ठाऊक नाही. तो विचारतो, भारी माणूस आहे का? आणि पीटर, जन्मभर ज्याच्याशी भांडला त्या माणसाला म्हणतो, हो, भारी आहे. पोरगं बापाचं मन राखायला खोटं बोललं. विनोद म्हणून किती हलका, आणि थोड्याच वेळात योंडू आपला श्वास त्याला देऊन जातो तेव्हा ते खोटं बोलणं छातीवर येऊन बसतं.

‘एंडगेम’मधल्या सुटलेल्या पोटाच्या थॉरबद्दल मात्र माझं अजून ठरत नाही. अख्खं जग हरल्यावर माणूस असा बसकण मारतो हे मी कंपनी बंद पडल्यावर अंबडमध्ये पाहिलंय. बिअर आणि मोबाइल गेम, अगदी तसंच. आईसमोर तो लहान पोरासारखा रडतो तो प्रसंग अस्सल आहे. पण पुढेमागे जो येतो तो त्याच्या पोटाला टोमणा मारून जातो, आणि चित्रपट आपल्यालाही कोपरखळी मारत राहतो, हसा ना! भाचीला तो सगळा भाग आवडतो. आमचं यावर दर दिवाळीत भांडण होतं.

जाता जाता एक हळू आवाजात. भाची हे सगळं हिंदीत बघते, आणि डबिंगवाले आपल्या पदरचे विनोद वर शिंपडतात. तुम्ही एक घातला असेल तर नाशिकला पोहोचेपर्यंत त्याचे दोन झालेले असतात. तेवढं धरून चाला.

तुम्हाला कधी इकडे यायचं झालं तर मी पंचवटीत घेऊन जाईन. या गावाचं नावच एका थट्टेतून पडलं अशी लोकसमजूत आहे. नऊ शिखरांवरून पडलं असंही सांगतात, पण नाकाची गोष्ट जास्त चालते. वाल्मीकींच्या अरण्यकांडात शूर्पणखा पर्णकुटीपाशी येते, रामावर भाळते. राम हसून म्हणतो, माझं लग्न झालंय, तू धाकट्या भावाकडे जा. लक्ष्मण म्हणतो, मी तर दास, माझ्याशी लग्न करून दासी होशील, तू थोरल्याकडेच जा. चेंडूसारखी टोलवाटोलवी. निव्वळ फार्सचा प्रसंग; आमच्या गल्लीतल्या मंडळींना दिला तर अर्धा तास ताणतील. वाल्मीकी तिथे शूर्पणखेसाठी एक शब्द वापरतात, ‘परिहासाविचक्षणा’. जिला थट्टा कळत नाही ती. तिला सगळं खरंच वाटतं. आणि मग एका क्षणात ती सीतेवर झेप घेते.

तिथे राम लक्ष्मणाला काय म्हणतो? क्रूर, अनार्य लोकांशी कधीही थट्टा करू नये, बघ, सीता कशीबशी वाचली. म्हणजे हिरो भर प्रसंगात कबूल करतो की आपला विनोद चुकला. नंतर नाक-कान, नंतर खर-दूषण आणि १४ हजार राक्षस, नंतर रावण, हरण, सेतू, युद्ध. सगळं रामायण त्या दोन मिनिटांच्या चेष्टेचं बिल भरत पुढे जातं. (माझं मन दर वेळी शूर्पणखेकडे जातं. तिला कुणी सांगितलंच नाही की हे गमतीत चाललंय. पण ते वेगळं पत्र.) तपोवनात त्या प्रसंगाची शिल्पं आहेत, लोक शेजारी उभे राहून हसत फोटो काढतात.

सांगायचं ते एवढंच की कोर्ग किंवा बोकड असले विनोद करतात त्याची पावती कुणाच्याच नावानं फाटत नाही. तुमच्या हिरोनं भलत्या वेळी थट्टा केली आणि त्यामुळे काही बिघडलं, असा दुसरा भाग लिहून बघा ना. विनोद हाच त्याचा दोष असू दे. दिवसभर टोले मारणारा माणूस एकदा कुणाच्या तरी दारात उभा राहतो आणि त्याच्या तोंडातून टोल्याशिवाय काही निघतच नाही. मी तो चित्रपट पहिल्या दिवशी बघेन, बोकडांसकट.

जत्रांमधले तमाशे मी लहानपणी वडिलांच्या खांद्यावर बसून पाहिलेत. वगात राजा राज्य गमावून बसला की सोंगाड्या पळून जात नसे. त्याच्या शेजारीच उभा राहून बडबडत असे. पण तोवर राजाची टिंगल करणारा तो, आता स्वतःचीच करायला लागे, माझा पगार कोण देणार, माझ्या बायकोला काय सांगू. लोक हसत आणि राजा हसण्याच्या कक्षेबाहेर एकटा उभा राही. हे कुणी त्याला शिकवलं असेल असं वाटत नाही.

आणि मालेगाव. ते आमच्याच जिल्ह्यात, इथून दोन-अडीच तास. यंत्रमागांचं गाव. तिथल्या नासिर शेख यांनी गावातल्या गावात, चणेफुटाण्यांच्या पैशांत विडंबनपट काढले, त्यात एक ‘मालेगाव का सुपरमॅन’. त्यातला सुपरमॅन शफिक, यंत्रमागावर काम करणारा, अंगानं काटकुळा. त्याच्या अंगावर तो निळा-लाल पोशाख चढला की तोच विनोद. हिरव्या कापडासमोर आडवा होऊन तो उडायचा आणि आम्ही पोट धरून हसायचो. पुढे कॅन्सरनं त्याला नेलं. फैझा अहमद खान यांचा त्या सगळ्या खटाटोपावरचा माहितीपट आहे, आणि २०२५ साली रीमा कागती यांचा ‘सुपरबॉईज ऑफ मालेगाव’ आला, तोही मी बहिणीबरोबरच बघितला. तेव्हा तिचे केस खांद्यापर्यंत आले होते. ते उडण्याचे प्रसंग आले तेव्हा ती हसत होती आणि तिचा हात माझ्या मनगटावर घट्ट होता. या वेळी मधे कुणी ओरडलं नाही.

घरी येऊन आम्ही मोबाइलवर मूळ ‘मालेगाव का सुपरमॅन’चे तुकडे शोधले. तीच दृश्यं, तोच पोशाख. भाची म्हणाली, “मामा, हे आधी किती फनी होतं ना.” तिनं बोलता बोलता मला दुसरा भाग म्हणजे काय ते सांगितलं, पण तिला ते ठाऊक नव्हतं.

तर विनंती अशी. पहिल्या भागात आम्ही जिथे हसलो त्या जागांची यादी करा, आणि त्यातली एक तरी जागा अशा वेळी परत आणा जेव्हा ट्रेमधला एक कप घेणारं कुणी नाही. नटाला अ‍ॅडिशन घेऊ द्या, पण समोरच्या नटीला आधी विचारून. आणि कुणी गप्प बसलं असेल तर दोन मिनिटं कॅमेरा तिथेच राहू द्या. थिएटरमधल्या शांततेला तुम्ही माझ्यासारखंच घाबरता असा मला दाट संशय आहे.

बाकी क्षेम. आज सात वाजता तालीम आहे. तेच नाटक पुन्हा बसवतोय, या वेळी शेजाऱ्याचं काम एक नवा मुलगा करतोय आणि मी प्रॉपर्टीला, म्हणजे रंगमंचावरच्या वस्तू सांभाळायला आहे. पोरगं हुशार आहे, परवा वाचनातच त्यानं चहावर पदरचं एक वाक्य टाकलं आणि सगळे हसले. मला त्याच्याशी बोलायचंय. शिवाय मेन रोडवरून कप घ्यायचेत, मागच्या वेळचा एक फुटला.

आपला,
विंगेतला एक नाशिककर